अनुराधपुरातली पंगत

श्रीलंकेला आम्ही गेलो ते तिकीट स्वस्त मिळालं म्हणून. २००३ साली पूर्वेकडे सार्सची साथ होती. लोक तिकडची विमानं टाळत होते आणि ट्रॅव्हल एजंट फोन वाजल्याबरोबर "बोला काकू" म्हणत होते. अशा वेळी घासाघीस करायची नाही तर कधी करायची? तीन दिवस मी त्या एजंटला सोडलं नाही. शेवटी तो म्हणाला, "काकू, याच्या खाली गेलात तर विमानात उभ्यानं जावं लागेल." तेव्हा थांबले.

न्यू जर्सीत एडिसनला ओक ट्री रोडच्या मागे माझं स्वयंपाकघर आहे. मिरजेहून आले तेव्हा इंग्रजी जेमतेम होतं. तळघरातल्या दोन खोल्यांत चकल्या तळून सुरुवात केली, आता मुंज असो की डोहाळजेवण, दोनशे पानं सहज उठवते. या धंद्यात जीभ आणि डोकं दोन्ही गरम ठेवावं लागतं. माझं डोकं जरा जास्तच गरम आहे असं घरचे म्हणतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती बॅगेत नसली तरी मी बरोबर नेली होती. माझी धाकटी बहीण नंदा तेव्हा आमच्यापासून गाडीने चार तासांवर, हर्नडनला राहायची. लग्न होऊन अमेरिकेत आली तेव्हा ती आणि तिचा नवरा दिलीप आमच्याकडे आठ महिने होते. या सहलीच्या चार वर्षं आधी त्यांनी घर घेतलं. वास्तुशांतीसाठी मी पुरणाची डाळ भिजत घातली होती, मोठी पातेली गाडीत चढवायची बाकी होती, आणि नंदाचा फोन आला. स्वयंपाकाचं तिकडच्याच एका बाईला सांगितलंय, म्हणाली. "अक्का, तू या वेळी नुसती बसून खा."

माझ्या घरात राहून, माझ्या हातचं खाऊन, नव्या घरात माझा हात नको? मी फोन ठेवला आणि वास्तुशांतीला गेले नाही. त्यानंतर चार वर्षं बोलले नाही. भिजवलेल्या डाळीचं पुरण शिजवून तशाच पोळ्या केल्या आणि दुसऱ्याच कुणाच्या घरी पोचवल्या.

निघायच्या आदल्या आठवड्यात माझी मुलगी रेवा म्हणाली की दिलीपकाकाची नोकरी गेली आहे आणि ऑगस्टमध्ये ते सगळे कायमचे पुण्याला परत चालले आहेत. ती मावशीशी गुपचूप बोलत असते हेही तेव्हाच कळलं. मी म्हटलं, जाऊ दे. रेवा म्हणाली, "आई, यू हॅव अंटिल ऑगस्ट." कॉलेजात जायला लागल्यापासून ही मुलगी मला मुदती देते.

कँडी

विमानतळावर आम्ही गाडीसकट ड्रायव्हर ठरवला. बंदुला त्याचं नाव. चाळिशीचा, शांत, इंग्रजी सावकाश पण नेमकं. मी जो आकडा सांगितला त्याला तो हसून हो म्हणाला. मला ते आवडलं नाही. लगेच हो म्हणणारा माणूस कुठेतरी वसूल करतो, हा माझा अनुभव आहे.

मग तो म्हणाला, एक अडचण आहे. सहलीच्या पाचव्या दिवशी पोसोनची पौर्णिमा येते, त्यांचा मोठा सण. त्या दिवशी तो दरवर्षी अनुराधपुराजवळ बहिणीकडे असतो, गाडी चालवत नाही. माझं डोकं तापलं. पण आम्हाला अनुराधपूरच बघायचं होतं, तेव्हा सौदा झाला: तो त्या दिवशीही आमच्याबरोबर राहील, मात्र दुपारी एक तास आम्ही त्याच्या बहिणीकडे थांबायचं. त्याने दोन तास मागितले होते. मी एकावर आणलं.

कँडी डोंगरांत आहे, मधोमध तळं आणि तळ्याच्या काठी बुद्धाच्या दाताचं मंदिर. संध्याकाळच्या पूजेला ढोल वाजायला लागले तेव्हा अंगावर काटा आला. आपल्याकडच्या ढोलात जोर असतो, इथल्या ढोलात काहीतरी विनवणी होती. हातात कमळं घेतलेल्या माणसांची रांग एका छोट्या खिडकीसमोरून सरकत होती. खिडकीतून दात दिसत नाही. दिसते ती सोन्याची पेटी, स्तूपाच्या आकाराची. तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, अशा एकूण सात. माल न दाखवणाऱ्या दुकानातून मी आजवर उठून आलेली आहे. इथे मात्र त्या बंद पेटीसमोर मलाच हात जोडावेसे वाटले, आणि मागच्या आजींनी हळूच कोपर लावेपर्यंत मी हलले नाही.

जेवणाचं सांगायचं तर नारळ, नारळ आणि नारळ. आमचे हे, म्हणजे सुधाकर, रत्नागिरीकडचे. त्यांना माहेरी आल्यासारखं झालं. सकाळी तांदळाच्या शेवयांच्या चकत्या, त्यावर मसुरीची नारळाच्या दुधातली पातळ आमटी, आणि बाजूला ओल्या खोबऱ्याची लालभडक चटणी. शाकाहारी असाल तर त्या चटणीत सुक्या मासळीचा चुरा घातलाय का ते आधी विचारा. आम्ही विचारलं नाही. सुधाकरांनी दोनदा घेतली, कळल्यावर क्षणभर थांबले, आणि तिसऱ्यांदा घेतली.

सिगिरिया

कँडीहून उत्तरेला जाताना बंदुलाने मसाल्याच्या एका बागेत गाडी घातली. दालचिनी, मिरी, वेलदोडे, सगळं झाडावर बघायला मिळतं. पण बागेच्या शेवटी दुकान असतं, आणि दुकानातला भाव ऐकून मी समजायचं ते समजले. गाडीत बसल्यावर बंदुलाला स्पष्ट विचारलं, यात तुझं कमिशन किती? तो म्हणाला, थोडं असतं. खोटं बोलला नाही हे खरं, पण त्यानंतर मी त्याच्यावर डोळा ठेवला.

सिगिरियाला तिकिटावरून माझं भांडण झालं. आपल्या भागातल्या देशांच्या नागरिकांना तिकीट अर्धं असतं. सुधाकरांनी भारतीय पासपोर्ट सोडलेला नाही, मी मात्र अमेरिकन झाले आहे. खिडकीतल्या मुलीने सुधाकरांना अर्धं आणि मला पूर्ण लावलं. मी तिला मिरज कुठे आहे ते सांगितलं, माझी साडी दाखवली, कुंकू दाखवलं. ती गोड हसून म्हणाली, तुम्ही दिसता आमच्यासारख्या, पण पासपोर्ट दिसत नाही. पूर्ण भरले.

मग तो खडक पाहिला आणि तिकीट विसरले. सपाट हिरव्या रानात एकच एक खडक उभा, जणू कुणी आणून ठेवलेला. पायथ्याशी बागा, पाण्याचे पाट आणि हौद. अर्ध्या वाटेवर एका कपारीत भिंतीवर अप्सरा रंगवलेल्या, दीड हजार वर्षांच्या, पण गालांवरचा रंग कालचा वाटावा असा. त्याच्या वर सिंहाचे दोन प्रचंड पंजे. सिंह कधीच कोसळला, पंजे राहिले, आणि त्यांच्यामधून जिना वर जातो. माथ्यावर राजवाड्याचा पाया आणि चारी बाजूंना क्षितिजापर्यंत रान. गुडघे दुखत होते, वारा पदर उडवत होता, आणि मला बोलायला काही सुचेना. सुधाकरांनी हे दोनदा बोलून दाखवलं.

हे सगळं बांधणाऱ्या राजाने बापाला मारून गादी घेतली होती. सावत्र भाऊ परत येईल या भीतीने तो अठरा वर्षं या खडकावर राहिला, असं बंदुलाने सांगितलं. रेवा म्हणाली, एवढी सुंदर जागा, आणि सगळी भावाला टाळायला. सुधाकर कमी बोलतात, पण वेळ साधतात.

"अठरा वर्षं," ते म्हणाले. "तुझी चारच झालीत."

उतरताना मी त्यांचा हात घेतला नाही.

पोलोन्नरुवा

इथे सायकलवर हिंडावं असं लोक सांगतात. आम्ही गाडीने हिंडलो. अवशेष खूप आहेत, पण वेळ कमी असेल तर बाकीचं सोडा आणि गल विहार बघा. एका अखंड कातळात चार बुद्ध कोरले आहेत. शेवटचा आडवा आहे, निर्वाणाच्या वेळचा. त्याच्या डोक्याखाली दगडाची उशी आहे आणि डोक्याच्या भाराने ती उशी दबली आहे. दगड दबलेला आहे. मी जवळ जाऊन पाहिलं, लांबून पाहिलं, पुन्हा जवळ गेले. आयुष्यभर मी हातांनी काम करणाऱ्यांमध्ये वावरले आहे. पण कठीण वस्तू अशी मऊ करणारा हात कसला असेल? डाव्या पायाचा अंगठा उजव्यापेक्षा जरा मागे आहे, तेवढ्यावरून ही झोप नव्हे हे ओळखायचं, असं तिथल्या रखवालदाराने सांगितलं.

याच रखवालदाराने थोड्या वेळाने आमच्यावर शिट्टी फुंकली. रेवा मूर्तीकडे पाठ करून फोटोसाठी उभी राहिली होती. इथे बुद्धाकडे पाठ करून फोटो काढत नाहीत. माझ्या मुलीवर शिट्टी वाजवतो म्हणून मी उसळले, पण रेवा आधीच वळून हात जोडून उभी होती. पाय मात्र सगळ्यांचे भाजले. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि जूनचं ऊन दगडात साठलेलं असतं. मोजे बरोबर न्या. बाहेर आल्यावर नारिंगी रंगाची शहाळी मिळतात, त्यांच्या पाण्याने जीव थंड होतो. त्यानंतर मातीच्या बोळक्यातलं म्हशीचं दही, वरून माडाच्या जातीच्या झाडाचा काळसर पाक. हे दही मी एडिसनला करून पाहिलं. जमलं नाही.

मिहिंतले, पोसोनची सकाळ

सम्राट अशोकाचा मुलगा महिंद बुद्धाचा धर्म घेऊन याच टेकडीवर आला, त्याची आठवण म्हणजे पोसोन. त्या दिवशी दारू विकत नाहीत, मांस विकत नाहीत, आणि अर्धा देश पांढरे कपडे घालून इकडे निघतो. आम्ही उजाडताच पोचलो तरी गाडी लांब ठेवून चालावं लागलं. टेकडीवर अठराशेहून जास्त पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना चाफा. त्या पायऱ्यांवरून माणसांचा पांढरा ओघ वर चढत होता. एवढी माणसं आणि ढकलाढकल नाही. कोणी म्हातारी थांबली की मागचे सगळे थांबत, ती निघाली की निघत. गर्दीत कोपरं वापरायची मला सवय आहे. त्या दिवशी वापरली नाहीत.

इथे महिंदाने राजाची परीक्षा घेतली अशी गोष्ट आहे. समोरच्या झाडाचं नाव काय? आंबा. याखेरीज आणखी आंबे आहेत? आहेत. आंब्यांखेरीज आणखी झाडं आहेत? आहेत. मग त्या सगळ्या आंब्यांखेरीज आणि त्या सगळ्या झाडांखेरीज आणखी काही उरतं? राजा म्हणाला, उरतो हा समोरचा आंबा. तेव्हा महिंदाने ओळखलं की याच्याशी बोलण्यात अर्थ आहे. मला हे फार पटलं. माल उघडण्याआधी गिऱ्हाइकाची समज जोखावी.

रस्त्याकडेची पंगत

टेकडी उतरून अनुराधपुराकडे निघालो. जागोजागी रस्त्याच्या कडेला झावळ्यांचे मांडव, ध्वनिवर्धकावर स्तोत्रं, आणि झेंडे घेतलेली माणसं गाड्या अडवत होती. सगळी धाब्यांची चढाओढ, मी मनात म्हटलं. बंदुलाने अशाच एका मांडवाशी गाडी लावली आणि म्हणाला, ही माझी बहीण कुसुमा.

बहिणीकडे म्हणजे काय ते आता मला कळलं. आधी मसाल्याची बाग, आता बहिणीचं हॉटेल. कुसुमा तिशी-पस्तिशीची, पांढऱ्या कपड्यांत, कपाळावर घाम, हातात भाताचा मोठा डाव. ती हसत पुढे आली. तिने तोंड उघडायच्या आत मी इंग्रजीत विचारलं, ताटाचा भाव काय? ती गोंधळून भावाकडे बघायला लागली. मला वाटलं, आकडा ठरवतायत. मी म्हटलं, आम्हाला सगळे पदार्थ नकोत, नुसता भात आणि आमटी घेऊ, त्याचं अर्धं लावा. आणि तीन माणसं आहोत, म्हणजे तिसऱ्याचं कमी.

रांगेतल्या कुणीतरी माझं बोलणं सिंहलीत सांगितलं असावं. आधी चार माणसं हसली, मग सगळी रांग. बंदुलाने मान खाली घातली.

"आई, स्टॉप," रेवा दबक्या आवाजात म्हणाली. "इट्स फ्री. सगळ्यांसाठी."

याला दानसाल म्हणतात. गावातली माणसं महिनाभर आधीपासून तांदूळ, नारळ, लाकडं जमवतात आणि पौर्णिमेला रस्त्यावरून जाईल त्याला जेवू घालतात. ओळख विचारत नाहीत, धर्म विचारत नाहीत. झेंडे घेतलेली माणसं गिऱ्हाईक ओढत नव्हती, माझ्यासारख्यांना जेवायला थांबा म्हणून विनवत होती. बंदुला दरवर्षी इथे रात्रभर नारळ खवायला बसतो. यंदा माझ्यामुळे तो बसला नव्हता, त्याला एक तास मिळाला होता.

कानापर्यंत तापले होते, पण राग धरायला समोर कुणी नव्हतं. पर्समधून नोट काढून कुसुमाच्या हातात कोंबायला गेले. तिने मूठ मिटली आणि हात पाठीमागे नेला. मग मला सुचलं ते मला येतं तेच. आमटीचं पातेलं तळाशी आलं होतं, रांग लांब होती, आणि वाढणारा डाव खोल बुडवत होता. त्या हिशोबाने वीस माणसांत आमटी संपणार. मी पदर खोचला आणि त्याच्या हातचा डाव घेतला.

कुसुमाने तो डाव माझ्या हातातून काढला. हळूच, पण काढलाच. मला दंडाला धरून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, मांडीवर ताट ठेवलं. ती सिंहलीत काहीतरी म्हणाली. त्यातला एकच शब्द मला कळला, कारण तो आपलाच आहे. थोरल्या बहिणीला तेही अक्काच म्हणतात.

"काय म्हणते ती?" मी बंदुलाला विचारलं.

"म्हणते, अक्का, तू बसून खा."

लाल तांदळाचा भात, मसुरीची आमटी, कोवळ्या फणसाची काळसर भाजी, खोबरं घातलेली कच्च्या पाल्याची कोशिंबीर आणि पापड. मी बसून खाल्लं. किती वर्षांनी असं खाल्लं ते आठवेना. लग्नात, मुंजीत, गणपतीत मी नेहमी मागच्या दाराशी, सगळी उठल्यावर उभ्याने दोन घास. समोर कुसुमा उभी होती. मी प्रत्येक पदार्थाला हात लावते का ते बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हिशोब नव्हता, आग्रह होता. नंदाच्या चेहऱ्यावर त्या दिवशी काय होतं? मी पाहिलंच नव्हतं. फोनवर होते, आणि फोनही मीच ठेवला होता.

आमटी, खरं सांगते, माझ्या अंदाजाप्रमाणे वीस माणसांत संपली. शेजारच्या मांडवातून दुसरं पातेलं आलं.

एक तास झाला तेव्हा बंदुला चाव्या घेऊन उभा राहिला. मी म्हटलं, दोन तास थांबू. तो नारळ खवायला जाऊन बसला.

अनुराधपूर

संध्याकाळी बोधिवृक्षाशी गेलो. बोधगयेच्या मूळ पिंपळाची फांदी अशोकाच्या मुलीने, महिंदाच्या बहिणीने, समुद्र ओलांडून इथे आणली. आधी भाऊ आला, मग त्याने बहिणीला बोलावून घेतलं. बावीसशेहून अधिक वर्षं हे झाड उभं आहे. त्याच्या म्हाताऱ्या फांद्यांना सोनेरी टेकू दिले आहेत. पान कुणी तोडत नाही. माणसं खाली तासन् तास बसून ते गळायची वाट पाहतात. मी हजारो पांढऱ्या कपड्यांच्या मध्ये बसले. एवढ्या माणसांचा आवाज किती असावा? मला पानांची सळसळ ऐकू येत होती.

तिथून चालत महास्तूपाकडे गेलो. एवढी मोठी पांढरी गोलाई मी कधी पाहिलेली नाही. सूर्य एका बाजूला बुडत होता आणि दुसऱ्या बाजूने चंद्र वर येत होता. पायथ्याशी पणत्या लागत होत्या. एवढंच लिहिते. यापुढचं ज्याने त्याने जाऊन बघावं.

गावात परदेशी फोन लावून देणारं एक दुकान होतं. तिकडे हर्नडनला सकाळचे नऊ वाजले असणार. रेवाने नंबर फिरवून दिला, तिला पाठ होता.

"अक्का बोलतेय," मी म्हटलं.

दुकानातलं मीटर पळत होतं. पळू दिलं.

"जेवायला कधी येऊ?" मी विचारलं.

"ये," नंदा म्हणाली. तिचा आवाज नाकातून येत होता. "काही आणू नकोस."

"नाही आणत."

हर्नडन

न्यू जर्सीहून दक्षिणेला जाताना आमच्या गाडीची डिकी पहिल्यांदाच रिकामी होती. वाटेत तीनदा वाटलं की निदान लाडवांचा डबा तरी घ्यायला हवा होता. सुधाकरांनी गाडी कुठेही थांबवली नाही.

घर खोक्यांनी भरलं होतं. जेवणाचं टेबल विकून झालं होतं, तेव्हा खोक्यांवरच चादर टाकून पानं मांडली होती. दिलीपने सगळ्यांना पाणी दिलं. मी उठायला लागले तशी नंदाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मी पुन्हा बसले.

आमटीत मीठ फार पडलं होतं. मोजायचे चमचे खोक्यात गेले असावेत. सुधाकरांनी पाण्याचा पेला जवळ ओढला. रेवा माझ्याकडे बघत राहिली, घाबरून.

नंदा डाव हातात धरून समोर उभी होती. "अक्का, कशी झालीय?"

मी वाटी पुढे केली.

"वाढ," मी म्हटलं.